ओटीतला राजीनामा

नातीची नोकरी गेली त्या सकाळी आमच्याकडे कुरियरने एक खोका आला. खोका देखणा होता. वरून गुलाबी फीत, आत कागदाच्या कात्रणांवर निजवलेली सुगंधी मेणबत्ती, चॉकलेटं, एक मोठा कप, आणि वाटीएवढ्या कुंडीत निवडुंग. सोबत इंग्रजी कार्ड. मला समजलं तेवढं असं, की तू आमच्या कुटुंबातली आहेस आणि कायम राहशील. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि समोरच्या दारातल्या वहिनींना सांगूनही आले, की पोरीला बढती मिळालेली दिसते.

नात तेव्हा आतल्या खोलीत दार लावून मीटिंगला बसली होती. आठवड्यातून दोन दिवस तिचं ऑफिस आमच्या घरात असतं. बाकीचे दिवस ऐरोलीला. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. आईबाप नाशिकला, म्हणून नोकरी लागल्यापासून ती नेरूळला माझ्याकडे. पाच वर्षं व्हायला थोडंच कमी. हे गेले त्याच वर्षी ती आली. त्यामुळे एकटं राहणं म्हणजे काय, ते मी फक्त जाता जाता पाहिलं होतं, मुक्कामाला गेले नव्हते.

ती बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघण्याआधीच मी कप दाखवला. “बघ, केवढा. यात तुझा चहा आणि माझा, दोन्ही मावेल.”

“आजी, मला काढतायत.”

“मग हा खोका?”

“तो त्याच्यासाठीच.”

मी कप खाली ठेवला. समोरच्या वहिनींना आता काय सांगायचं, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार होता. खोटं कशाला बोलू.

हळूहळू तिने सांगितलं. तिच्या कामातलं बरंचसं आता मशीनच करायला लागलंय, म्हणून तिची जागा जादा ठरली. कंपनीचं म्हणणं असं, की शुक्रवारपर्यंत तिने स्वतःच पोर्टलवर जाऊन राजीनामा टाकावा. म्हणजे काढलं असं कुठे दिसणार नाही, पुढच्या नोकरीला डाग नको. सगळ्या टीमने पडद्यावर लाल बदाम पाठवले. मॅनेजर रडली.

“खरंच रडली गं आजी. मलाच तिची दया आली. मीच म्हटलं, मॅम, टेन्शन नका घेऊ.”

“आणि राजीनामा?”

“टाकते. कशाला वाद? एवढं चांगलं वागले ते.”

हे वाक्य ऐकलं आणि मला हसू फुटलं. नात दुखावली. तिला वाटलं, म्हातारी चळली. पण मी तिला हसत नव्हते. हेच वाक्य, याच सुरात, पस्तीसेक वर्षांपूर्वी एक बाई बोलली होती. ती बाई केस घट्ट बांधायची, मान ताठ ठेवायची, आणि आपल्यासारखं शहाणं नवी मुंबईत दुसरं कोणी नाही असं समजायची. ती बाई मीच.

“बस इथे,” मी नातीला म्हटलं, “तुझी आज ओटी भरलीय. माझी कशी भरली होती ते ऐक, मग काय ते बटण दाब.”

शिरवण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एक औषधांचा कारखाना होता. तिथे मी इन्स्पेक्शनला होते. इंजेक्शनचं औषध ज्या बारक्या काचेच्या कुप्यांत भरतात, त्यांना आम्ही अँप्यूल म्हणायचो. समोर अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी, डोक्यावर नळीचा दिवा. बोटांच्या बेचक्यांत अँप्यूल धरायच्या, उलट्या करायच्या, सुलट्या करायच्या, आणि आत काचेचा कण किंवा धागा तरंगतोय का ते बघायचं. काळ्यावर पांढरं दिसतं, पांढऱ्यावर काळं. दिवसभर हेच. माझी नजर अशी की साहेब पाहुण्यांना घेऊन आले की माझ्याच टेबलापाशी थांबायचे. मी मुद्दाम हात आणखी भरभर चालवायचे. कण नसलेली एखादी अँप्यूलसुद्धा त्यांच्यादेखत भुवया आखडून बाजूला टाकायचे. केवढा तो आव!

हॉलमध्ये शिरताना आम्हाला सगळं उतरवावं लागायचं. बांगड्या, गजरा, मंगळसूत्र, आणि कपाळावरचं कुंकू. फाटकाशी नळ होता, तिथे कपाळ धुवायचं, पांढरी टोपी, पांढरा झगा. पहिल्या दिवशी मी कुंकू पुसताना रडले होते. यांना न सांगता कितीतरी दिवस गेले. मग सवय झाली. आत गेल्यावर सगळ्या सारख्याच. कोण सवाष्ण, कोण विधवा, काही कळायचं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर खाडीकाठच्या सारसोळे गावची एक बाई बसायची. तिचा नवरा खाडीत होडी उलटून गेला होता; आमच्यात विधवा ती एकटीच. बोलायची कमी. बोलली की तिच्या गावच्या बोलीत, आणि मी माझ्या मनातल्या मनात तिचं प्रत्येक वाक्य शुद्ध करून घ्यायचे. मी साताऱ्याकडची, दहावी पास, तेही पहिल्या फटक्यात. मला दुसरा उद्योग काय होता!

एका वर्षी बातमी आली की अँप्यूल तपासायचं मशीन येतंय. बायांना काढणार म्हणे. कारखान्यात युनियन होती, पण ती बॉयलरवाल्या आणि लोडिंगवाल्या पुरुषांची. त्यांचा एक पुढारी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. म्हणाला, “ताई, तुम्हीपण कामगारच आहात. आमच्यात या.” मी त्याला सुनावलं, “आम्ही इन्स्पेक्शनच्या आहोत. कामगार तुम्ही.” बाया हसल्या. तो बिचारा चहा न पिता गेला. अशी मी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असायची. त्या दिवशी काम बंद. त्या वर्षी आम्हा इन्स्पेक्शनच्या बायांना निरोप आला, की साड्या नेसून या, आणि कुंकू लावून या. फाटकाशी कोणी नळाकडे बोट दाखवलं नाही. ज्या हॉलमध्ये टिकलीसुद्धा चालत नव्हती, त्यात रांगोळी, झेंडूची तोरणं. साहेबांची बायको आली होती. हिरवी पैठणी, हातभर बांगड्या. तिने एकेका सवाष्णीला पाटावर बसवलं, स्वतःच्या हाताने हळदीकुंकू लावलं आणि ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ, वर एक साडी. बाया डोळे पुसत होत्या. इतकी वर्षं याच दारात कपाळ धुतलेलं, आणि आज मालकीणबाई त्याच कपाळाला हात लावतेय!

पाटावरून उठलं की शेजारीच टेबल होतं. तिथे पर्सोनेल साहेब, म्हणजे कामावर घेण्या-काढण्याचं बघणारे, बसलेले. प्रत्येकीचा राजीनामा आधीच टाइप करून तयार. मी माझ्या राजीखुशीने, घरगुती कारणामुळे, वगैरे. कोणी फसवलं म्हणावं, तर तसंही नाही. साहेब मोठ्याने वाचून दाखवत होते. नाही म्हटलं असतं तर कोणी हात धरला नसता. पण ओच्यात तांदूळ, त्यावर नारळ, पदराने सगळं सावरलेलं. भरल्या ओटीने कोणी भांडतं का? अपशकुन की. मी नारळ काखेत धरला आणि सही ठोकली. झोकदार सही. खाली दोन टिंबं.

इथवर ठीक होतं. मूर्खपणा सगळ्याच बायांनी केला. पण मी एकटीने भाषणही केलं.

हो. आभारप्रदर्शन. दहावी पास ना मी. उठून उभी राहिले आणि म्हणाले, या कंपनीने आम्हाला लेकींसारखं वागवलं, आणि लेकीला कितीही लाडाने वाढवलं तरी एक दिवस ओटी भरून पाठवणी करावीच लागते. टाळ्या पडल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. आता वाटतं, हसू लपवायला पुसला असणार.

नात इथे ओरडली, “आजी! तू खरंच असं बोललीस?”

“शब्द न् शब्द. आरशासमोर तयारी करून गेले होते.”

“म्हणजे तुला आधी माहीत होतं?”

“काढणार हे माहीत होतं. ओटी भरणार हेही कळलं होतं. मी साडीच्या रंगाचा विचार करत होते.”

आता सारसोळ्याची. ती मागे भिंतीशी उभी होती. विधवेची ओटी भरत नाहीत, म्हणून तिला पाटावर बोलावलंच नाही. आणि टेबल पाटाच्या पलीकडे. पाटावर नाही, तर टेबलाशीही नाही. गडबडीत तिचा कागद तसाच राहिला. वर्षभर आमच्या सगळ्यांसारखी दिसणारी ती बाई, त्या दिवशी एका मिनिटात वेगळी काढली गेली. मला तिची फार कणव आली. अशी कणव, की दुसऱ्या दिवशी सणाचं मी माझ्या नारळातला अर्धा किसून करंज्या केल्या, आणि त्यानंतरच्या सकाळी डबा घेऊन सारसोळ्याला तिच्या घरी गेले. समजूत घालायला. तुझी ओटी नाही भरली तरी वाईट वाटून घेऊ नकोस, असं सांगायला.

घराला कडी. शेजारीण जाळं विणत होती. म्हणाली, “ती कामावं गेलीय.”

मी करंज्या घेऊन परत आले. वाटेत दोन खाल्ल्या.

पुढे कधीतरी बाजारात भेटली तेव्हा तिने सांगितलं, “मना कोनी सांगलाच नाय, यव नको म्हनून. मंग मी गेली.” एवढंच. ना तिला कायदा ठाऊक, ना भांडायचं होतं. कुणी जा म्हटलं नाही, म्हणून गेली. तिला बघून पर्सोनेल साहेबांची धांदल उडाली. तिच्याकडून कागद मागितला, तर म्हणाली भावाला विचारते. भावाने युनियनच्या त्याच चहा न प्यायलेल्या माणसाला विचारलं. मग कंपनीला तिला रीतसर काढावं लागलं. नोटीस, भरपाई, कारण लिहिलेलं पत्र. नोटिशीच्या महिन्यात ती त्या रिकाम्या हॉलमध्ये एकटी बसायची. एवढ्या दिव्यांतला एकच चालू. “येकटीला खायला उटायचा तो हॉल,” म्हणाली. “बोलायला कोन नाय. तुजी आटवन यायची.”

माझी! मी मनात तिची वाक्यं शुद्ध करत बसायचे, आणि तिला माझी आठवण यायची.

मशीन नीट चालेना. गडद काचेच्या कुप्यांतले कण त्याला दिसायचे नाहीत. कंपनीला पुन्हा माणसं लागली. काढलेल्या माणसाला आधी बोलवावं लागतं, आपणहून सोडून गेलेल्याला विचारायची गरज नसते. तिला बोलावलं. आम्ही तर राजीखुशीने, घरगुती कारणामुळे गेलेल्या.

सकाळी कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावरून जायची. नोकरी सुटल्यावरही कितीतरी दिवस मी त्या वेळेला केस बांधून तयार असायचे. घरात कोणी नसायचं. हे कामावर, पोरगा शाळेत. बस दिसली की गॅलरीतल्या दोरीवर उगाच कपडे मागेपुढे करायचे. एका सकाळी बसच्या खिडकीत सारसोळ्याची दिसली. तिने हात हलवला. मीही हलवला. हातात यांची ओली बनियन होती.

नातीने सगळं ऐकलं. खोक्यातलं एक चॉकलेट सोलून खाल्लं, एक मला दिलं. मग म्हणाली, “पण आजी, ते तुझं फॅक्टरीचं. मी सीनियर अॅनालिस्ट आहे. मी कामगार थोडीच आहे?”

मी कपाळावर हात मारला. रक्त कुठे जातं!

बेलापूरला एक वकीलबाई आहेत, आमच्या बिल्डिंगमधल्या एकांच्या ओळखीच्या. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन गेले. बाई डबा खात होत्या. खाता खाताच त्यांनी विचारायला सुरुवात केली.

“पदाचं नाव सोड. दिवसभर करतेस काय? हाताखाली माणसं आहेत? कोणाची रजा मंजूर करतेस?”

“माझीच रजा कोणी मंजूर करत नाही,” नात म्हणाली.

“मग तू कामगार आहेस असं म्हणायला चांगली जागा आहे. उद्या तो मुद्दा नाही टिकला, तरी नेमणुकीच्या पत्रात नोटीस लिहिलेली असेल, ती त्यांना बांधील आहे. कायदे नवे आलेत, कुठलं कलम कुठे बसतं ते मी बघते. तू एकच गोष्ट ध्यानात ठेव. राजीनामा दिलास तर तू गेलीस. त्यांनी काढलं तर त्यांनी घालवलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच, कायद्याला अजिबात सारखं नाही. तू गेलीस की कारण द्यायला नको, भरपाई द्यायला नको. पाच वर्षं कधी पुरी होतात तुझी?”

“तीन-चार महिन्यांत.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि लोणच्याची फोड चोखली. “घाई उगाच नाही. त्यानंतर ग्रॅच्युइटी लागते.”

मी न राहवून माझी ओटीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, मग थांबल्या. “आजी, दबावाखाली घेतलेला राजीनामा असेल तर लगेच तक्रार करता येते. तेव्हा यायला हवं होतं तुम्ही.”

“दबाव कुठला हो? नारळ होता.”

“तेच तर. कोर्टात सांगणार काय?”

परत येऊन नातीने मेल लिहिला. मी मराठीत सांग म्हटल्यावर वाचून दाखवला. मी राजीनामा दिलेला नाही. मी कामाला तयार आहे. मला कमी करायचं असेल तर कारणासकट लेखी कळवावं. मला वाटलं होतं मोठी तलवार उपसणार. एवढासाच मेल. सारसोळ्याची बाई जे पायांनी बोलली होती, तेच.

मग कोणीच काही बोलेना. तिला काम येईना. बदाम पाठवणाऱ्यांनी तिला ग्रुपमधून काढलं. एका मैत्रिणीला तिने फोन केला, तर ती “नंतर बोलते” म्हणाली आणि तो नंतर काही आला नाही. नात सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, टेबलावरचा दिवा लावून लॅपटॉपसमोर बसायची. समोर काही नाही. मी मटार घेऊन समोर बसायचे. सोलून झाले की मेथी. त्या आठवड्यात आमच्याकडे एवढी भाजी निवडली गेली, की अर्धी वहिनींना द्यावी लागली. त्यांनी विचारलं, “बढतीची पार्टी कधी?” मी म्हटलं, “ठरतंय.”

गुरुवारी मुलाचा नाशिकहून फोन आला. माझा मुलगा, तिचा बाप.

“आई, तू तिला भरीला घालू नकोस. मार्केटमध्ये नाव खराब होतं. सोडू दे, घरी येऊ दे.”

“ती ठरवेल.”

“ती काय ठरवणार? तू बसलीयेस ना कानाशी. खरं सांगू? तुला एकटं राहायला नको, म्हणून तिला भांडायला लावतेस.”

“कुकरची शिट्टी झाली,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. कुकर धुऊन पालथा घातलेला होता.

मी ओट्याशी नुसती उभी राहिले. पोराला माझं सगळं ठाऊक आहे, याचा राग आला. कारण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. ही नोकरी टिकली तर संध्याकाळी दाराची बेल वाजणार. गेली तर नाही. मी जे सांगत होते ते तिच्या हक्काचं होतं की माझ्या बेलचं, मलाच नीट निवडता येईना. कोणी काळी-पांढरी पाटी समोर ठेवली असती, तरी तो कण मला दिसला नसता.

मी बाहेर येऊन तिला सांगून टाकलं. “हे बघ, माझ्या बोलण्यात माझा स्वार्थ आहे. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तेवढं वजा करून काय ते ठरव.”

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “माहितीय गं आजी. मी पहिल्या दिवशीच वजा केलं.”

शुक्रवारी दुपारी फोन आला. एचआरची बाई. नातीने स्पीकर लावला आणि मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मी पदराचा बोळा तोंडाशी धरला. तो आवाज! लोण्यात बुडवलेला. आम्ही तुला किती जपलं, तुझ्याबद्दल सगळे किती चांगलं बोलतात, शेवट कडू का करतेस, आणि बाळा, फक्त एक क्लिक तर आहे. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा हात माउसकडे गेला. मी तो हात बघत होते. मला ओच्यातल्या तांदळाचं वजन आठवत होतं. बोलायचं नाही असंच ठरवलं होतं, आणि त्या क्षणी ते पाळणं फार जड गेलं.

तिने माउस उचलून उपडा ठेवला.

“मॅडम, मी कामाला तयार आहे ना,” ती म्हणाली. “आजचं काम सांगा, मी लगेच सुरू करते.”

मग बाई म्हणाल्या, “मी कळवते.” लोणी संपलं होतं.

नोकरी काही वाचली नाही. ते वाचणार नव्हतंच, वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं. मध्ये दोनचार मेल इकडून तिकडे गेले, एक वकीलबाईंच्या नावाने. आणि शेवटी कंपनीने तिला रीतसर कमी केलं. जागा रद्द झाली म्हणून काढलं, असं स्पष्ट लिहून. नोटिशीचं, भरपाईचं, सगळं रीतीने. अनुभवाचा दाखला. ग्रॅच्युइटीवर मात्र वाद आहे, तो वकीलबाई बघतायत. त्या म्हणाल्या, हे जिंकणं नाही, पण तू हरलेलीही नाहीस. नातीने ते पत्र वाचलं आणि लॅपटॉप बंद करून सरळ दुपारची झोपली. संध्याकाळी उठून म्हणाली, “भूक लागली.” मी वहिनींना दिलेले मटार परत मागून आणले. उसळ करायची तर होते कुठे घरात.

पुढची नोकरी लागली ती हैदराबादला. मुलाखतीत विचारलं, आधीची का सोडली? तिने सांगितलं, सोडली नाही, जागा रद्द झाली, हे पत्र. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. डागाचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

म्हणजे ती गेलीच. राजीनामा दिला असता तरी गेली असती, नाही दिला तरी गेली. माझ्या मुलाचा हिशेब आणि माझा, दोन्ही चुकले. मी फोन करून त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “आई, तू नाशिकला ये ना.” मी म्हटलं, “कुकर लावलाय.” या वेळी खरंच लावला होता, एकटीपुरता भात.

निघायच्या सकाळी तिच्या बॅगा दारात होत्या. मी पाट मांडला. तिला बसवलं. ती म्हणाली, “आजी, लग्न न झालेल्या मुलीची ओटी भरतात?”

“नाही भरत.”

“आणि तू भरू शकतेस?”

“मी विधवा. मुळीच नाही. पुढे सरक, गुडघा पाटावर घे.”

जीन्सला ओचा कुठून येणार? तिने टी-शर्टाचं टोक पुढे धरलं. मी तांदूळ घातले, नारळ ठेवला, हळकुंड ठेवलं. कुंकू माझ्या घरात नव्हतं, ते वहिनींकडून आणलं होतं. त्यांनी कशाला ते विचारलं नाही. बढतीबद्दलही आता विचारत नाहीत. मी तिच्या कपाळाला बोट टेकवलं. टिळा तिरका लागला.

तिने ओटी सांभाळत मान वर केली. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर माझाच तरुणपणीचा आगाऊपणा.

“आजी, सही कुठे करू?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की तांदूळ सांडले. खाली गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा ती उठली. तांदूळ मी तसेच ठेवले, संध्याकाळपर्यंत. मग झाडले.

खोका अजून आहे. मेणबत्ती आम्ही वीज गेली तेव्हा लावली. चॉकलेटं संपली. कपात मी चहा घेते, अर्धा रिकामाच राहतो. निवडुंग तिच्या टेबलावर ठेवलाय. जाताना म्हणाली होती, याला पाणी कमी लागतं, उगाच लाड करू नकोस. मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसते, दिवा लावून बघते, नवा काटा आलाय का. कुटुंबातली म्हणून कार्डावर जिचं नाव होतं ती गेली. त्या कुटुंबातला कायम राहिलेला हा एकटाच. त्याला मी सांगून ठेवलंय, तुला जा म्हटलेलं नाही, तेव्हा तू बस.